तारा कुठे थांबतो: कंटेनर इमेजच्या पॉलिसीतलं वाइल्डकार्ड

गोव्यात नावेली एकच नाही. सासष्टीत मडगावला लागून एक नावेली आहे आणि डिचोली तालुक्यात आमोण्याजवळ दुसरी. पाकिटावर नुसतं ‘नावेली’ लिहिलं तर टपाल कुठे पोचेल याची खात्री नाही. तालुका आणि पिनकोड लिहावाच लागतो. कंटेनर इमेज म्हणजे चालवायला तयार असा प्रोग्रामचा गठ्ठा, आणि रजिस्ट्री म्हणजे असे गठ्ठे ठेवायचं कोठार. कुठली इमेज चालू द्यायची हे ठरवणाऱ्या सुरक्षा पॉलिसीत तारा (`*`, म्हणजे ‘इथे काहीही चालेल’ सांगणारं वाइल्डकार्ड) वापरून `*/नावेली` असा नमुना लिहिला की नेमकी हीच गत होते. आपल्याला आपल्याच रजिस्ट्रीतली इमेज अभिप्रेत असते, आणि तारा मात्र जगातल्या कुठल्याही रजिस्ट्रीतल्या त्या नावाला दार उघडून देतो.

दोष ताऱ्याचा नाही. इमेजचा पत्ता म्हणजे अक्षरांची एक सलग माळ आहे असं धरून जुळणी केली जाते, तिथे गडबड आहे. पत्त्याला भाग असतात, प्रत्येक भागाचे नियम वेगळे असतात, आणि तारा कुठल्या भागात उभा आहे हे जुळणी करणाऱ्या कोडला कळलं पाहिजे. पुढचं सगळं या एका मुद्द्याभोवती आहे.

(पत्ते वाचायला सोपे जावेत म्हणून इथे देवनागरीत लिहिले आहेत; यॅमलमध्ये ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत जातात. `एक्झाम्पल` आणि `टेस्ट` ही शेवटची नावं उदाहरणांसाठी राखीव आहेत, त्या जागी आपल्या रजिस्ट्रीचं नाव घालावं.)

पत्त्याची चिरफाड

पूर्ण पत्ता असा दिसतो:

`रजिस्ट्री.एक्झाम्पल:५०००/तिसवाडी/फेरी-तिकीट:२.४.१@एसएचए२५६:…`

होस्ट, पोर्ट, पथ, टॅग (आवृत्तीचं नाव), डायजेस्ट (इमेजच्या मजकुरावरून काढलेला ठसा). पथात कितीही तुकडे असू शकतात. तुकड्यांत लहान अक्षरं आणि आकडे चालतात, आणि मध्ये टिंब, अंडरस्कोर किंवा हायफनही चालतो. पथात टिंब चालतं हे लक्षात ठेवा, त्यावरच एक मोठं भोक आहे. टॅग जास्तीत जास्त १२८ अक्षरांचा. एसएचए२५६ डायजेस्ट म्हणजे ६४ हेक्स अक्षरं.

या एका ओळीत कोलन तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा त्याचं काम वेगळं: पोर्टच्या आधी, टॅगच्या आधी, डायजेस्टच्या आत. टिंब होस्टमध्ये आहे आणि टॅगमध्येही. सलग माळ म्हणून पाहणाऱ्या नमुन्याला हे सगळे कोलन आणि सगळी टिंबं सारखीच.

त्यात भर म्हणजे अर्धवट पत्ते. कुबरनेटिस ही अनेक यंत्रांवर, म्हणजे क्लस्टरवर, कंटेनर चालवणारी प्रणाली; तिच्यातला कंटेनरांचा गट म्हणजे पॉड. पॉडमध्ये नुसतं `एनजिनएक्स` लिहिलं तर कंटेनरडी (इमेज ओढून कंटेनर चालवणारा रनटाइम) त्याचं `डॉकर.आयओ/लायब्ररी/एनजिनएक्स:लेटेस्ट` करतो. ॲडमिशनच्या टप्प्यावर, म्हणजे कुबरनेटिस विनंती स्वीकारण्याआधी तपासतो तेव्हा, पॉलिसीला मात्र माणसाने लिहिलेला कच्चा शब्द, म्हणजे नुसता `एनजिनएक्स`, दिसतो. पहिला तुकडा होस्ट आहे की नाही हे ठरवायचा नियम असा: पुढे तिरकी रेघ असेल आणि त्या तुकड्यात टिंब किंवा कोलन असेल, किंवा तो `लोकलहोस्ट` असेल, तरच तो होस्ट. म्हणून `कोठार:५०००/भाडे` यात `कोठार` होस्ट आहे आणि ५००० पोर्ट. पण `कोठार:५०००` एवढंच लिहिलं तर `कोठार` ही डॉकर हबवरची इमेज होते आणि ५००० हा तिचा टॅग. एका तिरक्या रेघेने अर्थ उलटतो.

एकच तारा, प्रत्येक घरी वेगळा

एका टूलमधला नमुना उचलून दुसऱ्यात चिकटवणं ही फार महागात पडणारी सवय आहे. खाली येणारी कायव्हर्नो, सिगस्टोअर, ओपीए, गेटकीपर ही सगळी अशा पॉलिसी लावायची टूलं आहेत.

कायव्हर्नोमध्ये `*` सगळं ओलांडतो: तिरकी रेघ, कोलन, सगळंच. तिथे `जीएचसीआर.आयओ/तिसवाडी/*` हा नमुना कितीही खोल पथाला जुळतो, टॅग आणि डायजेस्टसकट. सिगस्टोअरच्या पॉलिसी-कंट्रोलरमध्ये `*` तिरक्या रेघेपाशी थांबतो आणि रेघ ओलांडायची तर `**` लागतो. म्हणजे तोच नमुना तिथे `तिसवाडी/चाचणी/फेरी` ला जुळणार नाही.

ओपीएच्या रेगो भाषेत `ग्लॉब.मॅच` फंक्शनला मधला आर्ग्युमेंट म्हणून विभाजक द्यावे लागतात. तिथे रिकामी यादी दिली तर विभाजक नाही असा अर्थ होत नाही. विभाजक म्हणून टिंब धरलं जातं. विभाजक नकोच असेल तर `नल` द्यावा लागतो. इमेजच्या पत्त्यासाठी रिकामी यादी दिली की तारा होस्टमधल्या टिंबापाशी थांबतो आणि पथातली तिरकी रेघ बिनदिक्कत ओलांडतो, म्हणजे हवं होतं त्याच्या बरोबर उलट. नमुना जुळला नाही म्हणून लोक आणखी तारे घालत जातात आणि भोक मोठं करतात. विभाजक स्पष्टपणे `["/"]` लिहावा.

गेटकीपरच्या लायब्ररीतला परवानगीच्या रेपोंचा जुना टेम्प्लेट तारा वापरतच नाही, तो फक्त ‘या अक्षरांनी सुरुवात होते का’ एवढंच पाहतो. शेवटची तिरकी रेघ राहिली तर काय होतं ते पुढे येईल. त्याची दुसरी आवृत्ती हे दुरुस्त करायला आली, तीच घ्यावी.

कुबरनेटिसच्या आतल्या व्हॅलिडेटिंग ॲडमिशन पॉलिसीत, जी १.३० मध्ये स्थिर झाली, सीईएल भाषा वापरतात. तिथलं `मॅचेस` हे रेगेक्स आहे, ग्लॉब (ताऱ्याचा साधा नमुना) नाही. त्याची जुळणी मजकुरात कुठेही लागली तरी उत्तर ‘होय’ येतं, म्हणून सुरुवातीला `^` आणि शेवटी `$` घालावाच लागतो. शिवाय रेगेक्समधलं टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. होस्टमधलं प्रत्येक टिंब `\.` असं लिहायला हवं.

क्युबलेट हा प्रत्येक नोडवर, म्हणजे क्लस्टरच्या प्रत्येक यंत्रावर, पॉड चालवणारा प्रोग्राम. त्याच्या क्रेडेन्शियल प्रोव्हायडरची (रजिस्ट्रीचा पासवर्ड पुरवणाऱ्या भागाची) `मॅचइमेजेस` यादी मात्र अभ्यासण्यासारखी आहे. तिथे तारा फक्त होस्टमध्ये चालतो, पोर्टमध्ये किंवा पथात नाही. एक तारा होस्टचा एकच तुकडा व्यापतो, आणि दोन्हीकडच्या तुकड्यांची संख्या सारखी असावी लागते. `*.आयओ` म्हणजे `के८एस.आयओ` चालेल, `रजिस्ट्री.के८एस.आयओ` नाही. पॉडमन आणि क्रायओ ही कंटेनर चालवणारी टूलं वापरतात त्या `पॉलिसी.जेसन` मध्येही असाच आवर: तारा फक्त होस्टच्या डाव्या टोकाला, `*.एक्झाम्पल` असा. ज्यांनी हे आखलं त्यांनी ताऱ्याला जागा कमी दिली, आणि त्यामुळे नियम वाचणाऱ्याला एका नजरेत कळतो.

कुबरनेटिसच्या वेबहुक (तपासणीसाठी एपीआय सर्व्हर ज्या बाहेरच्या सेवेला विचारतो ती) नियमांतही तारा आहेच, आणि तिथेही चुकतं. `रिसोर्सेस` मध्ये `*` लिहिलं तर सगळे रिसोर्स येतात पण सबरिसोर्स येत नाहीत. `*/*` लिहिलं तर दोन्ही. नुसतं `पॉड्स` लिहिलं असेल तर `पॉड्स/एफेमरलकंटेनर्स` त्यात नाही. म्हणजे `क्युबसीटीएल डीबग` करून चालत्या पॉडमध्ये कुठलीही इमेज घुसवता येते आणि तुमची कष्टाने लिहिलेली पॉलिसी तिथवर पोचतच नाही.

भोकं कुठे पडतात

पहिलं भोक राहून गेलेल्या तिरक्या रेघेचं. `डॉकर.आयओ/पेडणे*` लिहिणाऱ्याच्या मनात ‘पेडणे’ ही टीम असते. हा नमुना `डॉकर.आयओ/पेडणेकर/काहीही` लाही जुळतो, आणि सार्वजनिक रजिस्ट्रीवर पेडणेकर नावाने खातं कोणीही उघडू शकतो. होस्टच्या शेवटी हेच झालं तर जास्त वाईट: `रजिस्ट्री.एक्झाम्पल*` हा नमुना `रजिस्ट्री.एक्झाम्पल.भामटा.टेस्ट/फेरी` ला जुळतो, आणि ते डोमेन भामट्याच्या मालकीचं असतं. ‘या अक्षरांनी सुरुवात’ तपासणाऱ्या टेम्प्लेटचंही भोक हेच.

दुसरं डावीकडच्या ताऱ्याचं. `*जीसीआर.आयओ/*` पाहा. हेतू असा की `यूएस.जीसीआर.आयओ`, `ईयू.जीसीआर.आयओ` सगळे यावेत. पण तारा तिरकी रेघ ओलांडतो आणि पथात टिंब चालतं. त्यामुळे `भामटा.टेस्ट/जीसीआर.आयओ/फेरी` हाही पत्ता जुळतो. इथे `जीसीआर.आयओ` हे होस्ट नाही, भामट्याच्या रजिस्ट्रीतला एक फोल्डर आहे. गाडीच्या नंबरप्लेटवर `*-०१-*` शोधला तर जीए-०१ बरोबर एमएच-०१ ही सापडणारच, तसंच हे.

तिसरं कोलनचं. ‘टॅग लिहिलाच पाहिजे’ यासाठी `*:*` आणि ‘लेटेस्ट नको’ यासाठी `!*:लेटेस्ट` ही जोडी कायव्हर्नोने उदाहरण म्हणून दिलेल्या पॉलिसींतून सगळीकडे पसरली आहे. पण `कोठार:५०००/भाडे` यात टॅग नाही, तरी पोर्टच्या कोलनमुळे `*:*` जुळतो. आणि शेवटी `:लेटेस्ट` नसल्यामुळे दुसरा नियमही त्याला अडवत नाही. ओढली जाते ती मात्र लेटेस्टच. आतल्या रजिस्ट्रीला पोर्ट देऊन चालवणाऱ्या प्रत्येकाने ही जोडी आजच तपासावी.

चौथं टॅग आणि डायजेस्ट दोन्ही लिहिले तेव्हाचं. `…/फेरी-तिकीट:मंजूर-२.४.१@एसएचए२५६:…` असं लिहिलं की रनटाइम डायजेस्टनेच इमेज ओढतो, टॅगकडे पाहत नाही. तो टॅग त्या डायजेस्टचा आहे का हे कोणी तपासत नाही. म्हणजे `*:मंजूर-*` या नमुन्याला खूश करायला टॅगमध्ये ‘मंजूर’ लिहायचं आणि डायजेस्ट जुन्या, भोकं असलेल्या इमेजचा द्यायचा, एवढं पुरतं. डायजेस्ट असेल तेव्हा टॅगवर कुठलाही निर्णय अवलंबून ठेवू नये.

पाचवं मनाईच्या याद्यांचं, आणि इथे माझं मत ठाम आहे: होस्टची मनाईची यादी सुरक्षा म्हणून धरू नये. `डॉकर.आयओ/*` ला मनाई केली तर `एनजिनएक्स` हा कच्चा शब्द तिला जुळत नाही. `इंडेक्स.डॉकर.आयओ` जुळत नाही. `रजिस्ट्री-१.डॉकर.आयओ/लायब्ररी/एनजिनएक्स` तर थेट त्याच रजिस्ट्रीतून इमेज देतो. होस्टमध्ये कॅपिटल अक्षरं व्याकरणाला चालतात आणि डीएनएसला फरक पडत नाही, तो आणखी एक रस्ता. एकाच घराला चार दारं आहेत आणि आपण एकाला कडी लावतो आहोत. परवानगीची यादी लिहावी आणि बाकी सगळं नाकारावं.

रुंद तारा आणि अरुंद तारा

या विषयावर लिहिताना बहुतेक जण ‘नमुना शक्य तितका अरुंद ठेवा’ एवढं सांगून थांबतात. ते अर्धंच खरं आहे. नमुना कशासाठी वापरला जातोय यावर ते अवलंबून आहे.

परवानगीच्या यादीत रुंद तारा धोक्याचा: नको ते आत येतं. पण सही (इमेज कोणी बनवली ते सिद्ध करणारी डिजिटल खूण) तपासायच्या यादीत, म्हणजे ‘या नमुन्याला जुळणाऱ्या इमेजची सही तपास’ अशा नियमात, अरुंद तारा धोक्याचा: जी इमेज जुळली नाही तिची सही कोणी तपासतच नाही. कायव्हर्नोच्या इमेज पडताळणीच्या नियमात न जुळलेली इमेज त्या नियमापुरती सुटते. पॉलिसी-कंट्रोलरमध्ये कुठल्याच पॉलिसीला न जुळलेल्या इमेजचं काय करायचं ही वेगळी सेटिंग आहे. ती मुळात नकारावर असते, पण कोणीतरी पहिल्या आठवड्यात ‘वॉर्न’ वर नेऊन ठेवते आणि ती तिथेच राहते.

म्हणून दोन नियम जोडीने लिहावेत. परवानगीचा नियम अरुंद. सहीचा नियम त्याच होस्टवर सर्वात रुंद, म्हणजे `रजिस्ट्री.एक्झाम्पल/**`. मग परवानगीतून जे आत आलं ते सहीच्या जाळ्यातून निसटू शकत नाही. हे नातं यंत्राने तपासता येतं: परवानगीच्या प्रत्येक नमुन्याला जुळणारा एक उदाहरणाचा पत्ता तयार करायचा आणि तो सहीच्या किमान एका नियमाला जुळते का ते पाहायचं. सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) दहा ओळींची चाचणी पुरते.

जुळणीचं यंत्र

स्वतःचा वेबहुक असेल, किंवा पॉलिसी फाइली क्लस्टरवर जाण्याआधी तपासणारं छोटं टूल लिहायचं असेल, तर क्रम असा ठेवावा.

आधी पत्ता फोडायचा. `@` वर तोडून डायजेस्ट वेगळा. उरलेल्यात शेवटच्या तिरक्या रेघेनंतरचा कोलन शोधून टॅग वेगळा. रेघेच्या आधीचा कोलन पोर्टचा. मग वर सांगितलेल्या नियमाने होस्ट. हे हाताने रेगेक्स लिहून करू नये; गो भाषेत डिस्ट्रिब्युशन प्रकल्पाचं `रेफरन्स` पॅकेज आहे, तेच कुबरनेटिसच्या जगात सर्वमान्य व्याकरण आहे. फोडता आला नाही तर उत्तर ‘नाही’. ‘जुळला नाही’ आणि ‘वाचताच आला नाही’ या दोन्हींना लॉगमध्ये वेगळी नावं द्या, नाहीतर नंतर शोधताना हाल होतात.

मग पत्ता एका रूपात आणायचा: होस्ट लहान अक्षरांत, `इंडेक्स.डॉकर.आयओ` चं `डॉकर.आयओ`, एकेरी नावाला `लायब्ररी/`, टॅग-डायजेस्ट दोन्ही नसतील तर `लेटेस्ट`. एक सावधगिरी: क्रायओ वापरणाऱ्या नोडवर अपूर्ण नाव कुठल्या रजिस्ट्रीत शोधायचं ते नोडवरच्या `रजिस्ट्रीज.कॉन्फ` वर ठरतं. तिथे पॉलिसीने `डॉकर.आयओ` धरलं आणि नोडने दुसरीकडून ओढलं असं होऊ शकतं. होस्ट नसलेला पत्ता सरळ नाकारणं हा उत्तम उपाय. लिहिणाऱ्याला दहा अक्षरं जास्त टंकावी लागतात, एवढीच किंमत.

नमुनाही तसाच फोडायचा, आणि भागाला भाग लावायचा. होस्टचे टिंबावर तुकडे, दोन्हीकडे संख्या सारखी, तारा फक्त सर्वात डाव्या तुकड्यात. पोर्ट तंतोतंत, नमुन्यात पोर्ट नसेल तर इमेजमध्येही नको. पथाचे तिरक्या रेघेवर तुकडे. `*` एका तुकड्याच्या आत, `**` म्हणजे एक किंवा अधिक पूर्ण तुकडे. ‘शून्य किंवा अधिक’ की ‘एक किंवा अधिक’ हे आधीच ठरवून लिहून ठेवा. मी ‘एक किंवा अधिक’ च्या बाजूचा आहे, कारण `रजिस्ट्री.एक्झाम्पल/तिसवाडी/**` लिहिणाऱ्याला `तिसवाडी` नावाची इमेज अभिप्रेत नसते. `?` ला पूर्ण रजा द्यावी: कुठे त्याचा अर्थ ‘नेमकं एक अक्षर’ असतो, कुठे ‘शून्य किंवा एक’, आणि त्याच्यावाचून काही अडत नाही. चौकोनी कंसांचे अक्षरगटही नकोत. `[::१]:५०००` असा आयपीव्ही६ होस्ट आला की ग्लॉब लायब्ररी त्याला अक्षरगट समजते.

एका तुकड्याच्या आतली जुळणी अशी (`न` ही नमुन्यातली जागा, `श` ही शब्दातली, `तारा` ही शेवटच्या ताऱ्याची जागा, आणि `खूण` म्हणजे अडलं की शब्दात जिथे परत यायचं ती जागा):

```
न = ०, श = ०, तारा = -१, खूण = ०
जोवर श < शब्दाची लांबी:
    जर न शिल्लक आणि नमुना[न] = '*':
        तारा = न;  खूण = श;  न = न + १
    नाहीतर जर न शिल्लक आणि नमुना[न] = शब्द[श]:
        न = न + १;  श = श + १
    नाहीतर जर तारा ≥ ०:
        न = तारा + १;  खूण = खूण + १;  श = खूण
    नाहीतर: उत्तर नाही
नमुन्यातले उरलेले '*' ओलांडा
न शेवटाला पोचला तर उत्तर होय, नाहीतर नाही
```

अडलं की फक्त शेवटच्या ताऱ्यापाशी परत यायचं, त्याच्या आधीच्या ताऱ्यांकडे कधीच नाही. हे बरोबर का? कारण आधीच्या ताऱ्यांनंतरचे तुकडे शक्य तितक्या डावीकडे बसलेले असतात. त्यांना उजवीकडे सरकवून पुढच्यासाठी जागा कमीच होते, वाढत नाही.

याऐवजी सरळ रिकर्शन (स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारं फंक्शन) लिहिलं, ‘ताऱ्याला शून्य अक्षरं देऊन पाहा, एक देऊन पाहा…’ असं, तर छोट्या चाचण्यांत ते चालतं. मग कोणीतरी `*अ*अ*अ*अ*ब` असा नमुना देतं आणि समोर २५५ अक्षरांचं, सगळे ‘अ’ असलेलं नाव येतं. शेवटच्या ‘ब’ ची तुलनाच ८६० कोटींहून अधिक वेळा होते. वरच्या पद्धतीत सगळं काम फार तर दोन-तीन हजार पावलांत संपतं. ॲडमिशन वेबहुकला मुळात १० सेकंदांची मुदत असते, जास्तीत जास्त ३०. मुदत संपली की पुढे `फेल्युअरपॉलिसी` ठरवते: `फेल` असेल तर नवे पॉड अडतात, `इग्नोर` असेल तर न तपासता आत जातात. जिथे टीमना स्वतःच्या नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधल्या आपल्या कप्प्यात) नमुने लिहायची मुभा आहे तिथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

आता `**`. वेगळं यंत्र लागत नाही. पथाचे तुकडे हीच ‘अक्षरं’ समजा, `**` हा ‘तारा’ समजा, आणि ‘नमुना[न] = शब्द[श]’ या तुलनेच्या जागी तुकड्याची जुळणी बसवा. शेवटच्या ताऱ्याचा युक्तिवाद तसाच लागू पडतो, कारण वरच्या मजल्यावर एका जागेचा संबंध एकाच तुकड्याशी असतो. ‘एक किंवा अधिक’ हवं असेल तर `**` च्या जागी आधी `*/**` असा विस्तार करून घ्या आणि आतल्या `**` ला शून्य तुकडे चालू द्या. उलट `*` आणि `**` दोन्ही एकाच सलग माळेवर एका परतीच्या खुणेने हाताळू गेलात तर चुकेल: `*` रेघेपाशी अडला की मागच्या `**` कडे परत जावं लागतं आणि ती खूण तोवर पुसलेली असते. हा दोष हाताने लिहिलेल्या मॅचरमध्ये फार आढळतो आणि साध्या चाचण्यांत दिसत नाही.

टॅगला तारा चालू द्या, पण त्याचा अर्थ ओळखून. `:२.४.*` हे शिस्तीसाठी ठीक आहे. टॅग उद्या दुसऱ्याच इमेजवर फिरवता येतो, त्यामुळे सुरक्षेचा भार त्याच्यावर नको. डायजेस्टमध्ये तारा मुळीच नको. `@एसएचए२५६:*` चा उपयोग ‘डायजेस्ट असायलाच हवा’ एवढाच आहे, आणि त्यासाठी सरळ होय-नाही असा वेगळा रकाना ठेवावा.

चाचण्या

लायब्ररी कोणतीही असो, टूल कोणतंही असो, या जोड्या आधी चालवून पाहा. डावीकडे नमुना, मग इमेज, मग अपेक्षित उत्तर.

`रजिस्ट्री.एक्झाम्पल/पेडणे/*` · `रजिस्ट्री.एक्झाम्पल/पेडणेकर/फेरी` · नाही
`रजिस्ट्री.एक्झाम्पल/पेडणे/*` · `रजिस्ट्री.एक्झाम्पल/पेडणे/चाचणी/फेरी` · नाही
`रजिस्ट्री.एक्झाम्पल/पेडणे/**` · `रजिस्ट्री.एक्झाम्पल/पेडणे/चाचणी/फेरी` · होय
`रजिस्ट्री.एक्झाम्पल/**` · `रजिस्ट्री.एक्झाम्पल.भामटा.टेस्ट/फेरी` · नाही
`*.जीसीआर.आयओ/**` · `भामटा.टेस्ट/जीसीआर.आयओ/फेरी` · नाही
`*.जीसीआर.आयओ/**` · `जीसीआर.आयओ/प्रकल्प/फेरी` · नाही, तुकडे कमी
`डॉकर.आयओ/लायब्ररी/*` · `एनजिनएक्स` · होय, किंवा धोरण म्हणून नकार, पण ठरवून
`रजिस्ट्री.एक्झाम्पल/**` · `रजिस्ट्री.एक्झाम्पल:५०००/फेरी` · नाही
‘टॅग हवाच’ · `कोठार:५०००/भाडे` · नाही
`…/फेरी*` · `…/फेरी` · होय

शेवटची ओळ क्षुल्लक वाटते. उरलेले तारे ओलांडायची पायरी विसरली की नेमकी तीच पडते.

हातच्या चाचण्यांशिवाय एक गोष्ट जरूर करावी: मुद्दाम हळू पण सरळ लिहिलेला रिकर्सिव्ह मॅचर बाजूला ठेवायचा, ‘अ’, ‘ब’, `*` आणि तिरकी रेघ एवढ्याच चार चिन्हांतून सहा-सात अक्षरांचे नमुने आणि शब्द यादृच्छिक तयार करायचे, आणि दोघांची उत्तरं ताडून पाहायची. चिन्हं कमी ठेवली की अडचणीच्या जोड्या पटापट निघतात. लाखभर जोड्या चालवायला फार वेळ लागत नाही.

क्लस्टरवर नेताना

नवी जुळणी जुन्यापेक्षा कडक असते, त्यामुळे काही चालतं काम अडणारच. आधी ऑडिटवर ठेवा. व्हॅलिडेटिंग ॲडमिशन पॉलिसीत `वॉर्न` आणि `ऑडिट` एकत्र लावता येतात; लिहिणाऱ्याला टर्मिनलवर इशारा दिसतो आणि तुमच्याकडे नोंद राहते. ऑडिटच्या काळात महिनाअखेरीची आणि रात्रीची क्रॉनजॉब येऊन जाऊ द्या; नेहमी तीच राहून जातात.

इमेज कुठे कुठे असते ते मोजा: `कंटेनर्स`, `इनिटकंटेनर्स`, `एफेमरलकंटेनर्स`. कुबरनेटिस १.३१ पासून इमेज व्हॉल्यूम म्हणूनही जोडता येते, तेव्हा `व्हॉल्यूम्स` खालीही इमेजचा पत्ता असू शकतो. नियम `क्रिएट` बरोबर `अपडेट` वरही हवा, कारण चालत्या पॉडच्या कंटेनरची इमेज बदलता येते. नोडवरच्या फोल्डरमधून क्युबलेट थेट चालवतो त्या स्टॅटिक पॉडना ॲडमिशन अडवत नाही. त्यांच्यासाठी नोडवरच `पॉलिसी.जेसन` सारखा पहारा लागतो.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज आणि लाइन दोन्ही जातात, तेव्हा एक फरक लक्षात असू द्या. नमुन्याची जुळणी पूर्णपणे स्थानिक आहे, तिला नेटवर्क लागत नाही. सही तपासायला मात्र रजिस्ट्रीपर्यंत जावं लागतं. दोन्ही एकाच वेबहुकमध्ये कोंबले तर लाइन गेल्यावर साधी परवानगीची तपासणीही अडते, आणि मग घाईत कोणीतरी `फेल्युअरपॉलिसी` `इग्नोर` करून टाकतं. परवानगी व्हॅलिडेटिंग ॲडमिशन पॉलिसीत ठेवा, ती एपीआय सर्व्हरच्या आतच चालते. सही वेगळ्या वेबहुकात. निदान पहिलं कुंपण तरी जागेवर राहतं.

आणि जुने नमुने काढा. `के८एस.जीसीआर.आयओ` ही रजिस्ट्री ३ एप्रिल २०२३ पासून गोठवलेली आहे, तिच्या जागी `रजिस्ट्री.के८एस.आयओ` आली. तरी तिच्यासाठी कधीकाळी लिहिलेला `*.जीसीआर.आयओ/**` अनेक यादींत अजून आहे. तो भागवार जुळणीतही शुद्ध ठरतो, वरच्या सगळ्या चाचण्या पास होतो, आणि तरीही चुकीचा आहे: त्या होस्टखालचा पहिला तुकडा हा गूगल क्लाउडवरच्या कुठल्याही ग्राहकाचा प्रकल्प असू शकतो. सामायिक होस्टवर पथाचा पहिला तुकडा कधीही ताऱ्याने लिहू नये. तो नमुना काढून `रजिस्ट्री.के८एस.आयओ/पॉझ`, `रजिस्ट्री.के८एस.आयओ/कोअरडीएनएस/*` अशा लागतील तेवढ्याच ओळी लिहाव्यात.